मी मेले ते घर

आमचं स्वतःचं घर बघायला आम्ही तिकीट काढून गेलो.

प्रिप्यात म्हणजे चेर्नोबिलच्या अणुभट्टीशेजारचं आमचं शहर; स्फोटानंतर ते सोडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. जुन्या रहिवाशांना आत जायचा परवाना मिळतो, नाही असं नाही. पण त्यासाठी अर्ज करा, शिक्के मिळवा आणि वाट बघत बसा. मी परदेशात, पोझनानला एका गोदामात खोकी भरायचं काम करते. त्या वसंतात कशीबशी आठवड्याची रजा मिळवून कीवला आईकडे आले होते. आई म्हणाली, "पर्यटक होऊन जाऊ या. आपल्याकडे पैसे फेकले की दारं उघडतात, मग ती स्वतःच्या घराची का असेनात."

माझ्या आईचं नाव तमिला ओसिपिव्हना. तेव्हा ती पासष्टीची होती. त्या दिवशी तिनं चांगला निळा कोट घातला होता, ओठांना रंग लावला होता. बसमधली बाकीची मंडळी जंगलात निघाल्यासारखी, जाड बूट आणि फाटके कपडे घालून आलेली. परत आल्यावर ते कपडे फेकून देणार होते म्हणे. आमच्यापुढच्या मुलीनं आईकडे वळून बघितलं आणि मैत्रिणीला कुजबुजली, "आजी लग्नाला निघाल्या वाटतं." आईनं ऐकलं. "लग्नालाच निघालेय गं," ती म्हणाली. "जुना नवरा बघायला."

आमचा गाईड ओरेस्त नावाचा तरुण होता, सैनिकी पँट, कानात बाळी, तोंडाची टकळी अखंड चालू. नाक्यावर उतरल्यावर त्यानं नियम सांगितले. "कशाला हात लावायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, बाह्या खाली. आणि घरी जाऊन बायकोला चकाकताना दिसलात तर तक्रार माझ्याकडे नाही, तिच्याकडे करायची!" सगळे हसले. नाक्याला लागून पिवळी टपरी होती. तिथे किरणोत्सर्गाची खूण छापलेले मग, टोप्या, मोजे आणि आइस्क्रीमसुद्धा. आईनं एक मग उचलला, उलटा करून तळ बघितला आणि ठेवून दिला.

"काय बघितलंस?" मी विचारलं.

"कुठे बनलाय ते. आपला नाहीच."

शहरात पोचलो. मला वाटलं होतं काहीतरी आठवेल. काही आठवलं नाही. रस्ते झाडांनी गिळलेले, आणि त्या झाडांतून चालणाऱ्या माणसांच्या हातातली किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं टिकटिक करणारी. जिथे टिकटिक वाढायची तिथे माणसं खूश व्हायची. ओरेस्तनं बंद पडलेल्या आकाशपाळण्यापाशी नेलं, शाळेत नेलं, पोहण्याच्या तलावापाशी नेलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता जे दाखवणार आहे ते बाहेर बोलायचं नाही. इमारतीत शिरायला बंदी आहे. पण तुम्ही माणसं चांगली दिसताय."

तो आम्हाला एका इमारतीच्या जिन्यात घेऊन गेला. आईनं माझं मनगट पकडलं. जिना चढताना तिचा श्वास लागला होता, तरी ती कुठेही थांबली नाही. तिसऱ्या मजल्यावर ओरेस्त डावीकडच्या दारात शिरला आणि आई उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्याकडे बघून मला कळलं. हे आमचं घर होतं.

आत खोलीच्या मधोमध एक छोटी लोखंडी खाट होती. तिच्यावर तोंडाला गॅसमास्क बांधलेली बाहुली. खिडकीतून उजेड नेमका तिच्यावर पडत होता. लोकांनी फोन काढले.

"इथे माशा नावाची मुलगी राहायची," ओरेस्तनं सुरू केलं. मघाचा थट्टेखोर आवाज कुठल्या कुठे गेला होता. "वडील अग्निशामक दलात. स्फोटाच्या रात्री ते गेले ते परत आले नाहीत. माशा या खिडकीत बसून आगीकडे बघत राहिली, बाबा येतील म्हणून. ज्वाळा तिला सुंदर वाटत होत्या. तीन महिन्यांनी तीही गेली. मागे राहिली ती ही बाहुली."

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. तिच्या नवऱ्यानं तिला जवळ घेतलं.

माझे बाबा अग्निशामक दलात नव्हते. ते शहरातल्या एका कारखान्यात वीजदुरुस्ती करायचे आणि त्या रात्री घोरत पडले होते. ही खिडकी अंगणाच्या बाजूला उघडते, तिच्यातून आग दिसायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आईनं मला वाळूत खेळायला सोडलं होतं. रविवारी दुपारी बसगाड्या आल्या. तीन दिवसांसाठी जायचंय म्हणाले, म्हणून आईनं अंडी उकडली, कागदपत्रं घेतली, कुंड्यांना पाणी घातलं. बसमध्ये मी ओकले. चार डॉक्टर धावत आले, पण मला फक्त बस लागली होती. एवढीच आमची कहाणी. आणि ती बाहुली माझी नव्हती. मला बाहुल्या कधी आवडल्याच नाहीत.

"हे आमचं घर आहे," आई म्हणाली.

ओरेस्त हसला. "सगळ्यांना असंच वाटतं, बाई. हा भागच असा हृदयाला भिडणारा."

आई भिंतीतल्या कपाटापाशी गेली. दार फुगून बसलं होतं. शेजारच्या एका धिप्पाड पोरानं आधीच ओढून बघितलं होतं, हललं नव्हतं. आईनं खाली कोपऱ्यात गुडघ्यानं एक धक्का दिला आणि दार उघडलं. आत काही नव्हतं. पण ओरेस्तचं तोंड बंद झालं.

का कोण जाणे, मला हसू आलं. मी विचारलं, "मग मी कशानं मेले म्हणालात?"

मग कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आईबरोबर फोटो काढायला रांग लागली. निळ्या कोटातली आई स्वतःच्या घरात भिंतीला टेकून उभी होती आणि अनोळखी माणसं तिच्या खांद्यावर हात टाकून हसत होती.

परतताना ओरेस्त आमच्या बाकाशेजारी येऊन बसला. चेहरा पडलेला होता, पण डोळे विचार करत होते.

"लाज नाही वाटत?" आईनं विचारलं.

"वाटते ना. ती बाहुली मी नाही ठेवली, मी कामाला लागायच्या आधीपासून आहे. पण तमिला ओसिपिव्हना, लोक एवढ्या लांबून रिकामी खोली बघायला येत नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हीच या ना आमच्याबरोबर. शनिवारी-रविवारी. तुम्हीच सांगा खरं काय ते. मालकाशी मी बोलतो."

"चल हट," आई म्हणाली.

पण मी पोझनानला परतल्यावर दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. ती जायला लागली होती. पेन्शनमध्ये भागत नव्हतं हे खरं, पण तिच्या आवाजात आणखी काहीतरी होतं. "निदान एक माणूस तरी तिथे खरं बोलेल, नेल्या," ती म्हणाली. "तुझ्या बाबांबद्दल सांगितलं मी आज."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानसुद्धा वाटला. बाबांबद्दल कुणीच कधी ऐकून घेतलं नव्हतं. स्फोटानंतर महिन्याभरानं त्यांना परत अणुभट्टीवर बोलावून घेतलं होतं, केबल टाकायला. बारा वर्षांनी ते गेले तेव्हा डॉक्टरांच्या मंडळानं सांगितलं, दारूनं गेले, त्या कामाशी संबंध नाही. बाबा दारू पीत होते. कोण पीत नव्हतं?

माझ्या बाबतीत सांगायचं तर मी प्रिप्यातची आहे हे मी पोझनानमध्ये कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ही सवय शाळेपासूनची. कीवच्या त्रोयेश्चिनात आम्हाला घरं दिली तेव्हा शेजारचे आम्हाला 'चेर्नोबिलचे साळिंदर' म्हणायचे, जवळ जाऊ नये असे. माझ्या बाकावर कुणाची आई कुणाला बसू द्यायची नाही. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, आडवी खूण राहिली. तेव्हापासून रोज सकाळी गोळी आणि बारा महिने गळ्यात रुमाल. गोदामात विचारलं तर मी म्हणते, कीवची. थायरॉईड आहे, कुणाला नसतो?

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या पट्ट्यावर काम करणारी बोझेना सुट्टीला कुठे गेली होती ते सांगत आली. तिच्या नवऱ्याला असल्या जागांचं वेड. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"हे बघ. मी आयुष्यात एवढी रडले नाही."

फोनवरच्या व्हिडिओत आमची खोली होती. ती खाट, ती बाहुली. आणि बाहुलीशेजारी स्टुलावर माझी आई. तिनं डोक्याला काळा रुमाल बांधला होता, जो ती कधीच बांधत नाही. आमच्या भाषेत ती सांगत होती की तिचा नवरा आग विझवायला गेला आणि परतला नाही. तिची पाच वर्षांची मुलगी या खिडकीत बसून होती. आणि तीन महिन्यांनी इस्पितळात, आईच्या मांडीवर...

"नाव काय म्हणाली बघ," बोझेना डोळे पुसत म्हणाली. "नेल्या. तुझंच नाव. म्हणून मला तुझी आठवण आली. आज असती तर आपल्याच वयाची असती बिचारी."

"हो," मी म्हणाले. "असती."

मी फोन केला नाही. काय विचारणार होते? दर रविवारी तिचा फोन यायचा, बटाटे, हवा, गुडघे. मी "हं, हं" करायचे. ऑक्टोबरात रजा काढली, कीवला गेले, घरी न जाता एका स्वस्त लॉजवर उतरले, आणि सकाळी एका पोलिश गटाबरोबर तिकीट काढून बसमध्ये बसले. बऱ्याच जणांनी हौसेनं कागदी मास्क लावले होते. मीही लावला. या वेळी गाईड एक पोलिश बोलणारी मुलगी होती. ती म्हणाली, आज आपल्याला एक खास व्यक्ती भेटणार आहे, कृपया त्यांच्या दुःखाचा आदर ठेवा.

तिसऱ्या मजल्यावर आई बसली होती. काळा रुमाल. हात मांडीवर.

आई आमच्या भाषेत एकेक वाक्य बोलायची आणि ती मुलगी ते पोलिशमध्ये सांगायची. त्यामुळे मला सगळं दोनदा ऐकावं लागलं. आई छान सांगत होती. कुठे थांबायचं ते तिला कळत होतं. बाबा धुरात शिरताना मागे वळून हसले, असं म्हणाली. माझे केस उशीवर राहायचे, असं म्हणाली. मी ते ऐकत उभी राहिले आणि मग माझ्याच्यानं राहवेना. मी मास्क खाली ओढला.

आईनं मला बघितलं.

वाक्य अर्ध्यात तुटलं. गाईड मुलीला वाटलं, भरून आलं असेल. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. आईनं दोन घोट घेतले, झाकण लावलं, अगदी सावकाश, घट्ट. मला वाटलं, आता ती उठेल. आता म्हणेल, ही बघा माझी मुलगी.

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सांगायला लागली. "शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, आई, आपण घरी कधी जायचं? मी म्हणाले, उद्या. नक्की उद्या."

एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. बायका हुंदके देत होत्या. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रागानं म्हणावं तर राग तेव्हा जवळपासही नव्हता. शेजारच्या बाईनं मला कागदी रुमाल दिला आणि पाठीवरून हात फिरवला. "तुम्हाला मुलं आहेत का?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. नाहीत.

दुपारी चेर्नोबिल गावातल्या कामगारांच्या खाणावळीत सगळ्यांना जेवण असतं. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. आई थाळीत बीटाच्या सूपाचे वाडगे घेऊन आली आणि समोर बसली. काळा रुमाल पिशवीत गेला होता.

"बोर्श घे. गार होतंय."

मी घेतलं नाही.

"कधी आलीस?"

"काल."

"घरी नाही आलीस."

"मेलेली माणसं घरी येतात का?"

आईनं पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "दोन महिने मी खरंच सांगत होते, नेल्या. शब्द न् शब्द खरा. अंडी उकडली, कुंड्यांना पाणी घातलं, पोर बसमध्ये ओकली. त्रोयेश्चिनात लोकांनी आमच्या दाराला हात लावला नाही. नवरा बारा वर्षं खंगत गेला, आणि ते म्हणाले दारू. मुलीचा गळा चिरला, ती रोज गोळी खाते, तिला मूल झालं नाही. सगळं सांगायचे. माहितीये काय व्हायचं? फोन बघायचे. एकानं विचारलं, म्हणजे त्या वेळी तुमच्या घरात कुणी गेलं नाही का? असं तोंड पाडून, जसं काही मी त्याला उष्टं वाढलंय."

"म्हणून मला मारलंस."

"ओरेस्त म्हणाला, गोष्ट उठत नाहीये. मी म्हटलं, उठवते. एक दिवस तोंडातून निघून गेलं. आणि समोर एक बाई, कुठली कोण, ढसाढसा रडायला लागली. मला मिठी मारली तिनं. तेहतीस वर्षांत, नेल्या, तेहतीस वर्षांत आपल्यासाठी कुणी रडलं का? तुझे बाबा गेले तेव्हा शेजारीण म्हणाली, सुटलात. सुटलात!" तिचा आवाज चढला, मग तिनं आजूबाजूला बघून खाली आणला. "मी रडते ना तिथे, ते खोटं नसतं. तू मेलीस म्हणून नसतं, पण खोटं नसतं."

"मला बघून तरी थांबायचंस."

"थांबणार होते." तिनं चमचा उचलला, ठेवला. "बावीस माणसं तोंडाकडे बघत होती गं. मग म्हटलं, हिला तरी कळू दे मी काय करते. तू कुठे विचारतेस? अकरा वर्षं झाली तुला जाऊन. रविवारी फोन, हं, हं, ठेवू? गळ्याला रुमाल बांधून फोटो पाठवतेस. कुणाला सांगितलंयस का तिकडे, कुठली तू?"

तिनं नेमकं तेच विचारलं याचाच मला जास्त राग आला. "मी जिवंत आहे," मी म्हणाले. "तेवढ्यानं कुणाला रडू येत नाही, त्याला मी काय करू?"

"काही नको करू. बोर्श खा."

मी उठून बसकडे गेले.

त्रोयेश्चिनाला मी तीन दिवस राहिले. आईनं बटाट्याचं सारण भरून उकडीचे वारेनिकी केले, माझ्या मोज्यांना टाके घातले. जेवणापुरतं बोललो. निघताना स्थानकावर ती म्हणाली, "तू म्हणशील तर बंद करते. म्हण फक्त." चालक पेट्या आत टाकत होता. मला म्हणायचं होतं, बंद कर. पण ती त्या खोलीत बसलेली डोळ्यांपुढे आली, भोवती इतकी माणसं, सगळी तिच्यासाठी रडणारी, आणि त्या जागी मी तिला काय देणार होते? रविवारचा फोन? मी म्हणाले, "थंडी वाजेल तिथे. हिटर मागून घे." आणि बसमध्ये चढले.

पुढे साथ आली आणि सहली थांबल्या. मग लढाई आली. रणगाडे त्याच जंगलातून कीववर चालून आले. आई एक पिशवी घेऊन, तीन दिवस गाड्या बदलत, पोझनानला माझ्या खोलीत आली. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा तिनं कागदपत्रं आणि उकडलेली अंडी घेऊन घर सोडलं होतं. या वेळी किती दिवसांसाठी, ते कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

गोदामातल्या सगळ्यांनी वस्तू पाठवल्या, पांघरुणं, भांडी, चपला. बोझेनाला मी बरेच दिवस टाळलं. आईला बरं नाही, झोपलीय, डॉक्टरकडे गेलोय. एका रविवारी ती न सांगता खसखशीचा केक घेऊन दारात उभी राहिली. आई खुर्चीत बसून माझ्या ब्लाउजला बटण लावत होती.

बोझेना बघतच राहिली. "तुम्ही... तुम्ही त्या घरातल्या..."

आईला पोलिश येत नाही, तरी तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला. सुई हातातच राहिली. बोझेना एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रश्न गोळा होत होता. आता तो ओठांवर येणार होता. आई मान खाली घालून बसली होती, शाळेत चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

"मी धाकटी," मी म्हणाले. "ती गेल्यावर झाले. तिचंच नाव ठेवलं."

बोझेनानं केक टेबलावर ठेवला आणि आम्हा दोघींना एकदम मिठीत घेतलं. ती रडली. म्हणाली, तेव्हा का नाही सांगितलंस गं, एवढं दुःख एकटीनं कशाला वाहायचं. मी भाषांतर केलं नाही. आईनं विचारलंही नाही.

आता दर नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सगळे आपापल्या मृतांच्या कबरींवर जातात तेव्हा, बोझेना आम्हाला गाडीत घालून नेते. जे दूर कुठे पुरलेत त्यांच्यासाठी तिथे एक मोठा दगडी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी ती दोन दिवे लावते. एक बाबांसाठी, अग्निशामक दलातल्या. एक माझ्यासाठी. आई हात जोडून उभी राहते आणि माझ्याकडे बघत नाही. परवा वारा होता, दुसरा दिवा पेटेना. बोझेनाच्या काड्या संपल्या. तेव्हा मीच वाकले, हाताचा आडोसा केला आणि माझ्या लायटरनं तो लावला.